मालिकेतली प्रतीकं आणि पात्रांची खोली पकडायची कशी?

तुमच्या भुसावळच्या मित्रमंडळीला 'ब्रेकिंग बॅड' ही अमेरिकन मालिका बघताना जागोजागी अर्थ दिसतो आणि तुम्हाला नुसती गोष्टच दिसते, असं तुम्ही लिहिलंय. पहिल्या फेरीत गोष्टच दिसायला हवी. वही दुसऱ्या फेरीला उघडा. (पुढे शेवट फुटतो. मालिका संपली नसेल तर इथेच थांबा.)

वहीत चार रकाने पाडा: मिनिट-सेकंद, वस्तू किंवा रंग, ती कुणाजवळ आहे, आणि त्यानंतर लगेच कुणी काय ठरवलं. चौथा रकाना गाळला की किराण्याची यादी उरते. वस्तू तिसऱ्यांदा आली आणि कॅमेरा तिच्यावर गरजेपेक्षा जास्त रेंगाळला, तरच तिच्याखाली रेघ मारा.

दुसऱ्या सीझनमधलं टेडी बेअर घ्या. भाग 1, 4, 10 आणि 13 यांची सुरुवात कृष्णधवल आहे, रंग फक्त त्या जळक्या गुलाबी टेडीला. याच चार भागांची नावं ओळीनं वाचा: 'सेव्हन थर्टी-सेव्हन', 'डाऊन', 'ओव्हर', 'एबीक्यू'. एबीक्यू म्हणजे अल्बुकर्की, गोष्ट घडते ते शहर. त्यावर 737 विमान कोसळणार, हे नावांतच सांगून टाकलंय! नायक वॉल्टर, कॅन्सर झालेला आणि अमली पदार्थ बनवणारा शिक्षक, साथीदाराच्या मैत्रिणीला, जेनला, डोळ्यांदेखत मरू देतो. तिचा बाप हवाई वाहतूक नियंत्रक. दुःखात कामावर त्याची चूक होते, दोन विमानं धडकतात आणि टेडी पडतं वॉल्टरच्याच घरच्या पोहण्याच्या तलावात. केलेलं दारात आलं.

मराठी मालिकेत घरचं ज्ञान कामी येतं. वैशाखात अंगणातला झोका रिकामा दाखवला, तर आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या लेकींची झोक्यावरची गाणी ऐकलेल्या खान्देशी माणसाला लेक आली नाही हे सांगावं लागत नाही. पुण्याकडच्याला तिथे नुसता झोका दिसेल. रोजच्या मालिकेत मात्र जरा जपून. आठवड्याला पाच-सहा भाग काढायचे, सेट तोच, पडदे तेच. तिथला निळा पडदा बहुतेक वेळा निळा पडदाच असतो.

पात्रासाठी एक प्रसंग आवाज बंद करून बघा: कोण बसलंय, कोण उभं, आधी नजर कोण चुकवतं. मग दोनच ओळी लिहा, त्याला काय हवंय असं तो म्हणतो आणि त्यानं काय नाकारलं. वॉल्टर म्हणतो, सगळं घरच्यांसाठी. पण पहिल्याच सीझनमध्ये जुना भागीदार इलियट नोकरी आणि उपचारांचा खर्च देऊ करतो, आणि हा नाही म्हणतो. गरज भागत होती, मान भागत नव्हता. शेवटच्या भागात बायकोसमोर, स्कायलरसमोर, तो कबूल करतो की हे स्वतःसाठीच केलं. त्या कबुलीचं बी त्या नकारातच होतं.

अर्थ सापडला असं वाटलं की ती वस्तू वगळून प्रसंग मनात चालवून बघा. स्कायलरची बहीण मारी हिचा जांभळा रंग काढला तर गोष्ट जराही हलत नाही, म्हणून तो वहीत 'स्वभाव' या खाली जातो. टेडी काढलं तर चार भागांच्या सुरुवातीच कोसळतात.