वाचकांचे प्रश्न : पेसाखच्या पाहुण्यांना भाकरी चालेल का?

प्रश्न : ठाण्याचे बेने इस्राएली (मराठी ज्यू) स्नेही पेसाखमध्ये (वल्हांडण सण) आमच्याकडे येणार आहेत. आमच्या घरी रोज ज्वारीची भाकरी. त्यांना चालेल का? (लातूर)

उत्तर : ज्वारी मुळात निषिद्ध नाही. गहू, जव, ओट, राय आणि स्पेल्ट (ही दोन्ही गव्हासारखी धान्यं) या पाच धान्यांचं पाणी लागून फुगलेलं पीठ, म्हणजे हामेत्स, वर्ज्य असतं. म्हणूनच मात्सा (या सणातली बिनखमिराची पोळी) पाणी घातल्यापासून 18 मिनिटांच्या आत भाजून काढतात. भारतात हा सण 8 दिवस, इस्राएलात 7.

अडचण गिरणीची आहे. गव्हानंतर त्याच जात्यावर ज्वारी दळली की गहू मिसळतोच. परात नि तवाही रोज पोळीला वापरलेले. त्यापेक्षा नव्या पातेल्यात भात करा. बेने इस्राएल तो खातात. अश्केनाझी (युरोपीय वंशाचे ज्यू) पाहुणे असते तर तांदूळ-डाळीही टाळाव्या लागल्या असत्या.

आणि हिंग! डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचं पीठ असतं, इथेच बहुतेकजण फसतात. फोडणी जिरं-लसणाचीच द्या. तरी आधी पाहुण्यांना विचाराच, घरोघरी कडकपणा वेगळा असतो.

तारीख दरवर्षी बदलते. 2026 मध्ये 1 एप्रिलच्या सूर्यास्ताला सुरुवात, आपल्या चैत्री पौर्णिमेच्या आसपास. त्यांच्याकडेही 19 वर्षांत 7 अधिक महिने येतात.