माउसला हात न लावता, नुसत्या टाइप केलेल्या कमांडने प्रोग्रॅम आणि सेटिंग्ज कशा उघडाव्यात?

विंडोजवरचे प्रोग्रॅम आणि नेटवर्क, आवाज, तारीख यांच्या सेटिंग्ज मेनूमध्ये शोधत बसण्याऐवजी कीबोर्डवरून कमांड टाइप करून उघडता येतात का, आणि त्यासाठी इंटरनेटवर फिरणाऱ्या शे-दीडशे कमांडच्या याद्या पाठ कराव्या लागतात का, असे तुम्ही विचारले आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर हो आहे आणि दुसऱ्याचे नाही. त्या याद्यांचा मला स्वतःला फारसा उपयोग झालेला नाही, कारण कोणती कमांड कशामुळे चालते हे त्यांत सांगितलेले नसते, आणि कारण न कळता पाठ केलेले नाव चार दिवसांत विसरले जाते. या कमांडची मोजकी तीन-चार घराणी आहेत. ती ओळखता आली की रोजच्या कामाला दहा-बारा नावे पुरतात आणि बाकीची गरज पडेल तेव्हा स्वतःच्या संगणकावरच सापडतात.

विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबून ठेवून 'आर' दाबले की पडद्याच्या डाव्या खालच्या कोपऱ्यात 'रन' नावाची लहानशी चौकट उघडते. १९९५ साली आलेल्या विंडोज ९५ पासून ही चौकट स्टार्ट मेनूच्या सोबतीला आहे आणि इतक्या आवृत्त्या बदलल्या तरी तिच्या कामात फरक पडलेला नाही. तिच्यात नाव टाइप करून एंटर दाबायचे, एवढेच. मी इथे कमांड देवनागरीत लिहीत आहे, पण टाइप मात्र त्या रोमन अक्षरांतच करायच्या आहेत. जिथे अक्षरांच्या मध्ये आडव्या रेघा दिसतील तिथे ती अक्षरे एकेक करून सलग टाइप करायची, रेघा टाइप करायच्या नाहीत. अक्षरे मोठी की लहान याने काही बिघडत नाही. देवनागरी कीबोर्ड चालू राहिला असेल तर मात्र चौकटीत भलतेच शब्द उमटतात आणि विंडोज 'सापडत नाही' असे सांगते. अशा वेळी विंडोजची कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलावी.

सर्वांत सोपे घराणे थेट प्रोग्रॅमच्या नावांचे आहे. 'नोटपॅड' लिहिले की नोटपॅड उघडते, 'सी-ए-एल-सी' ने कॅल्क्युलेटर, 'एम-एस-पेंट' ने पेंट, 'सी-एम-डी' ने कमांड प्रॉम्प्ट, 'ओ-एस-के' ने पडद्यावरचा कीबोर्ड आणि 'कंट्रोल' ने जुने कंट्रोल पॅनेल उघडते. यांतले 'डब्ल्यू-आय-एन-व्ही-ई-आर' हे छोटेसे नाव मला विशेष उपयोगी वाटते, कारण आपल्याकडे विंडोजची नेमकी कोणती आवृत्ती आणि कोणता बिल्ड (त्या आवृत्तीतल्या बदलांचा क्रमांक) आहे हे ते एका लहान विंडोत दाखवते, आणि कोणतीही अडचण दुसऱ्याला सांगताना पहिला प्रश्न बहुधा हाच येतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घेण्यासारखी आहे. रनमध्ये 'विनवर्ड' टाइप केले तर मायक्रोसॉफ्ट वर्ड उघडते, पण तेच नाव कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या विंडोत टाइप केले तर अशी कमांड माहीत नाही असा संदेश सहसा येतो. नाव तेच, संगणक तोच, तरीही असे घडते, कारण कमांड प्रॉम्प्ट फक्त चालू फोल्डरमध्ये आणि 'पाथ' नावाच्या यादीत नोंदवलेल्या फोल्डरांमध्येच प्रोग्रॅम शोधतो, तर रन याशिवाय रजिस्ट्रीतला, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत नोंदवहीतला, 'ॲप पाथ्स' हा विभागही पाहते, जिथे अनेक प्रोग्रॅम इन्स्टॉल होतानाच आपले नाव आणि पत्ता नोंदवून ठेवतात. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'स्टार्ट' लिहून, जागा सोडून 'विनवर्ड' लिहिले तर वर्ड उघडते, कारण 'स्टार्ट' ते नाव रनसारख्याच शोधपद्धतीकडे सोपवते. कोणते नाव कुठे चालेल आणि कुठे अडेल, हा गोंधळ एवढे लक्षात ठेवल्याने बराचसा मिटतो.

दुसरे घराणे 'डॉट सी-पी-एल' ने संपणाऱ्या नावांचे; 'डॉट' च्या जागी नुसते टिंब टाइप करायचे. कंट्रोल पॅनेलमधल्या एकेका विभागाची ही स्वतंत्र फाइल असते, त्यामुळे पॅनेल न उघडता थेट त्या विभागात जाता येते. 'एन-सी-पी-ए डॉट सी-पी-एल' ने नेटवर्क जोडण्यांची यादी उघडते, 'ए-पी-पी-डब्ल्यू-आय-झेड डॉट सी-पी-एल' ने प्रोग्रॅम काढून टाकण्याची यादी, 'एम-एम-एस-वाय-एस डॉट सी-पी-एल' ने स्पीकर आणि मायक्रोफोनची जुनी चौकट, 'एस-वाय-एस-डी-एम डॉट सी-पी-एल' ने संगणकाच्या नावापासून रिमोट जोडणीपर्यंतच्या सेटिंग्ज. तिसरे घराणे 'डॉट एम-एस-सी' चे आहे आणि ते देखभालीच्या साधनांचे आहे. 'डी-ई-व्ही-एम-जी-एम-टी डॉट एम-एस-सी' म्हणजे डिव्हाइस मॅनेजर, 'डी-आय-एस-के-एम-जी-एम-टी डॉट एम-एस-सी' म्हणजे डिस्कच्या विभागणीचे साधन, 'सर्व्हिसेस डॉट एम-एस-सी' म्हणजे पार्श्वभूमीला चालणाऱ्या सेवांची यादी. 'जी-पी-एडिट डॉट एम-एस-सी' बऱ्याच याद्यांत दिसते आणि अनेकांकडे चालत नाही. त्यात तुमची चूक नसते, विंडोजच्या होम आवृत्तीत ते साधन दिलेलेच नसते.

तुमच्या संगणकावर या दोन घराण्यांतले नेमके काय आहे ते पाहायचे असेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये 'डी-आय-आर' लिहून, जागा सोडून विंडोजच्या सिस्टम३२ या फोल्डरचा पूर्ण पत्ता लिहावा आणि त्याला उलटी तिरपी रेघ जोडून तारांकन, टिंब आणि 'सी-पी-एल' किंवा 'एम-एस-सी' लिहावे. जी यादी समोर येते ती कुठल्याही लेखातल्या यादीपेक्षा खरी असते, कारण ती तुमच्याच विंडोजची असते.

चौथे घराणे नव्या सेटिंग्ज ॲपचे. २०१५ साली विंडोज १० आले तेव्हापासून कंट्रोल पॅनेलमधली कामे हळूहळू या ॲपकडे जात आहेत, आणि त्याच्या बऱ्याच पानांना स्वतःचा पत्ता आहे. 'एम-एस', मग या वेळी खरोखरच टाइप करायची आडवी रेघ, मग 'सेटिंग्ज' आणि त्याला चिकटून अपूर्णविरामाची दोन टिंबे, एवढे लिहिले तर ॲपचे मुखपृष्ठ उघडते. पुढे जागा न सोडता 'विंडोजअपडेट', 'ब्लूटूथ', 'डिस्प्ले' किंवा 'साउंड' जोडले तर थेट ते पान. काही जुन्या कमांडही आता इकडेच आणून सोडतात: 'डी-ई-एस-के डॉट सी-पी-एल' पूर्वी पडद्याची जुनी चौकट उघडत असे, आता सेटिंग्जमधले डिस्प्लेचे पान उघडते. काही कमांड तर संपल्याच. वर्डपॅड उघडणारी 'राइट' ही कमांड विंडोज ११ च्या २०२४ मधल्या मोठ्या अपडेटपासून चालत नाही, कारण वर्डपॅडच विंडोजमधून काढून टाकण्यात आले आहे.

फोल्डरही असेच उघडतात. दोन टक्केचिन्हांच्या मध्ये 'टेम्प' लिहिले की तात्पुरत्या फाइलींचे फोल्डर, आणि 'शेल', दोन टिंबे व 'स्टार्टअप' लिहिले की संगणक सुरू होताना आपोआप उघडणाऱ्या शॉर्टकटांचे फोल्डर. नुसता एक टिंब लिहून एंटर दाबले तर तुमचे स्वतःचे वापरकर्ता-फोल्डर उघडते.

हे सगळे स्टार्ट मेनूतल्या शोधानेही होते, मग रन कशाला, असा प्रश्न इथे कोणालाही पडेल. नाव नीट आठवत नसेल तर स्टार्ट मेनूचा शोधच बरा, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. पण तो शोध अंदाज बांधतो, मध्येच इंटरनेटवरचे निकाल दाखवतो, आणि आज पहिल्या क्रमांकावर असलेली गोष्ट उद्या तिसऱ्या क्रमांकावर असू शकते. रन अंदाज बांधत नाही. फोनवरून दुसऱ्याला मदत करताना हा फरक फार जाणवतो. समोरच्याचे विंडोज मराठीत आहे की इंग्रजीत, मेनूची मांडणी कशी आहे, चिन्हे कुठे आहेत, यांपैकी काहीच आपल्याला दिसत नसते. 'वरच्या बाजूला गिअरचे चिन्ह दिसते का' अशी विचारपूस करत बसण्यापेक्षा 'विंडोज आणि आर दाबा, आता एन, सी, पी, ए, टिंब, सी, पी, एल, आणि एंटर' असे सांगितले की दोघांसमोर एकच विंडो उघडते. विंडोजची भाषा कोणतीही असली तरी ही नावे बदलत नाहीत.

रनच्या चौकटीत मागच्या वेळी वापरलेली कमांड आधीच लिहिलेली असते, त्यामुळे तीच पुन्हा हवी असेल तर नुसते एंटर पुरते. खालचा बाण दाबला की त्याआधीच्या कमांड दिसतात. ज्या कामाला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात त्यासाठी सध्याच्या विंडोजमध्ये नाव लिहून नुसत्या एंटरऐवजी कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबावे. आणि कधी टास्कबारच नाहीसा झाला, स्टार्ट मेनू उघडेना, डेस्कटॉप रिकामा पडला, तर संगणक बंद करण्याची घाई करू नये. अशा वेळी विंडोजची कळ काम करत नसली तरी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळांनी टास्क मॅनेजर सहसा उघडतो. त्यात नवे टास्क चालवण्याचा पर्याय असतो, तो निवडला की रनसारखीच चौकट येते, आणि तिच्यात 'एक्सप्लोरर' लिहून एंटर दाबले की टास्कबार आणि डेस्कटॉप बहुतेक वेळा परत येतात.

मॅकवर कमांड कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून उघडणारे स्पॉटलाइट साधारण हेच काम करते, आणि लिनक्सच्या ग्नोम व केडीई या डेस्कटॉपवर आल्ट आणि एफ२ दाबले की अशीच चौकट येते. मात्र तिथली नावे वेगळी असल्याने वर सांगितलेले काहीच तिथे चालणार नाही.

एका धोक्याबद्दल सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते. २०२४ पासून 'क्लिकफिक्स' या नावाने ओळखला जाणारा फसवणुकीचा प्रकार बराच पसरला आहे आणि तो याच चौकटीचा आधार घेतो. एखादे संकेतस्थळ 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा' असे सांगून तीन पायऱ्या दाखवते: विंडोज आणि आर दाबा, कंट्रोल आणि व्ही दाबा, एंटर दाबा. तुम्ही त्या पानावरच्या बटणावर क्लिक केले त्याच क्षणी त्याने एक लांबलचक कमांड तुमच्या क्लिपबोर्डवर, म्हणजे कॉपी केलेला मजकूर तात्पुरता राहतो तिथे, ठेवलेली असते, आणि तिसऱ्या पायरीला ती चालते. मग पॉवरशेल या विंडोजच्याच कमांड चालवणाऱ्या साधनामार्फत किंवा तशाच दुसऱ्या साधनामार्फत पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅम उतरवला जातो. यातली चलाखी अशी की कमांडच्या अगदी शेवटी 'मी रोबोट नाही' अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य जोडलेले असते, आणि रनची चौकट अरुंद असल्यामुळे पेस्ट केल्यावर डोळ्यांसमोर तेवढेच शेपूट राहते. कोणत्याही खऱ्या पडताळणीला रनची चौकट लागत नाही. स्वतः टाइप केलेले तेवढेच चालवायचे आणि परक्या पानावरून आलेले तिथे कधीही पेस्ट करायचे नाही, हा नियम मी स्वतः कटाक्षाने पाळतो.

शेवटी, तुम्हाला हवे त्या नावाची स्वतःची कमांडही करता येते. एक नवे फोल्डर करून त्यात रोज लागणाऱ्या प्रोग्रॅमचे, फाइलींचे किंवा फोल्डरांचे शॉर्टकट ठेवावेत आणि प्रत्येकाला एक-दोन रोमन अक्षरांचे नाव द्यावे. मग वर सांगितलेल्या 'एस-वाय-एस-डी-एम डॉट सी-पी-एल' ने उघडणाऱ्या चौकटीत ॲडव्हान्स्ड या टॅबवर जाऊन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्स उघडावे, तिथली 'पाथ' ही ओळ निवडून एडिट दाबावे, आणि आधीच्या नोंदींना अजिबात धक्का न लावता त्या फोल्डरचा पत्ता नवी नोंद म्हणून जोडावा. एकदा साइन आउट करून परत आलात की रनमध्ये ते एक अक्षर लिहून एंटर दाबणे पुरते. नावे ठरवताना 'सी-एम-डी' किंवा 'सी-ए-एल-सी' अशी विंडोजने आधीच वापरलेली नावे टाळावीत, कारण तसे केल्यास तुमच्या शॉर्टकटऐवजी विंडोजचाच प्रोग्रॅम उघडेल.