केंद्राच्या नोंदी आणि मॉडेलचा डेटा जुळत नाही, कोणता खरा धरायचा?

तुमचं म्हणणं असं की धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर भागातल्या एका हवामान वेधशाळेचं रोजचं किमान तापमान आणि पाऊस तुम्ही कॉर्डेक्स प्रकल्पातल्या प्रादेशिक हवामान मॉडेलशी, म्हणजे संगणकाने काढलेल्या हवामानाशी, लावून बघितला, थंडीतल्या महिन्यांत सहसंबंध जवळजवळ शून्य आला, आणि गाईड म्हणतात केंद्राचाच डेटा खराब असणार. हे शेवटचं वाचलं आणि लिहायला बसलो. तापीकाठच्या अशाच एका केंद्राची नोंदवही बरीच वर्षं माझ्या हातची होती.

आधी तुमचं काम उरकतो. मॉडेलचा रन, म्हणजे चालवलेली फेरी, कोणता घेतलाय ते तुम्ही सांगितलेलंच नाही. हिस्टॉरिकल असेल तर तारखेला तारीख लावण्यात काही अर्थ नाही. त्याला कडेने जागतिक मॉडेल हाकतं आणि त्याचं हवामान त्याचं स्वतःचं असतं. त्यातला १९९८ चा जानेवारी आपण भोगलेला जानेवारी नव्हे. तिथे वीस-तीस वर्षांची सरासरी, चढउतार, किती रात्री दहाच्या खाली गेल्या, एवढंच ताडून बघायचं. तारीखवार बघायचं असेल तर इव्हॅल्युएशन रन घ्या, त्याला कडेने खरं घडलेलं हवामान हाकतं. नाहीतर सरळ ईआरए-५ घ्या, म्हणजे घडून गेलेलं हवामान संगणकावर पुन्हा मांडलेला डेटा. त्यात प्रत्यक्ष निरीक्षणं मिसळलेली असतात. शून्य सहसंबंधाचं कोडं बहुतेक इथेच सुटेल.

आता माझं.

एका वर्षी जानेवारीत आमच्याकडे सलग काही रात्री कडाक्याची थंडी पडली. आकाश निरभ्र, वारा अजिबात नाही. पहाटे तापमापी ठेवायची लाकडी पेटी उघडली तर आतल्या लाकडाला हात लावून धरवत नव्हता. किमान तापमापी आडवी ठेवलेली असते, तिच्या अल्कोहोलमध्ये एक बारीक काळी सळई असते. पारा उतरावा तसं अल्कोहोल मागे सरतं आणि सळईला ओढत नेतं. परत चढलं की सळई तिथेच राहते. फुग्यापासून लांबचं तिचं टोक वाचायचं. ते टोक पाचाच्याही खाली होतं. मी वाचलं, पुन्हा वाचलं, नोंदवहीत लिहिलं, शेऱ्यात ‘दव, निरभ्र, वारा शांत’ एवढं टाकलं. बाहेर आलो तर शेजारच्या मळ्यातला गडी बांधावर उभा. म्हणाला, “बाग गया ना आबा.” केळीच्या बागेची पानं पुढच्या काही दिवसांत पिवळी पडून कडेने करपली आणि जे घड निसवायला आले होते ते पोग्यातच, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या पानातच, अडकले. केळीवाल्यांना थंडीचा चरका काय असतो ते सांगायला नको.

पुढे एका विद्यापीठातला संशोधक मुलगा आला. हुशार होता, बोलायला गोड. त्याने आमच्या नोंदी मॉडेलशी लावल्या आणि त्या रात्री ‘आउटलायर’, म्हणजे भलतीकडे पडलेले आकडे, म्हणून काढून टाकल्या. कारण विचारलं तर म्हणाला, काका, मॉडेल जमिनीचे चौकोन पाडतं, त्यातल्या तुमच्या चौकटीची सरासरी उंची तुमच्या केंद्रापेक्षा जास्त आहे, म्हणून मी दर किलोमीटरला साडेसहा अंशांप्रमाणे दुरुस्ती केली. दुरुस्तीनंतर तुमचं केंद्र अजून गरम निघतं. एवढी थंडी तिथे पडूच शकत नाही.

मी त्याला उत्तरेकडे बोट दाखवलं. वर सातपुडा, खाली तापी. पंचवीस किलोमीटरच्या एका चौकटीत डोंगराचा उतार आणि काठचं काळं रान दोन्ही येतं आणि त्याची सरासरी निघते. साडेसहा अंशांचा हिशोब सरासरीचा, हवा ढवळलेली असते तेव्हा, म्हणजे दुपारी, तो त्यातल्या त्यात चालतो. हिवाळ्यातल्या शांत रात्री जमीन उष्णता टाकते, गार हवा जड होऊन उताराने खाली उतरते आणि सखल भागात साचते. तेव्हा वर उबदार आणि खाली गारठा, सगळं उलटं. त्याने दुरुस्ती लावली तीच उलट्या दिशेने! माझी नोंद त्याच्या आकड्यापासून जितकी लांब पडली, त्यातला काही भाग त्याने स्वतः घातलेला होता. त्याने ऐकून घेतलं, मान हलवली आणि प्रबंधात त्या रात्री काही परत आल्या नाहीत. तुमच्या गाईडनाही हेच सांगा. बाकीच्या दिवशी बरोबर वाचणारा माणूस नेमका थंडीच्या रात्रीच आंधळा होतो का?

वेळेचंही बघा. पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि ज्या सकाळी मोजला त्या तारखेला लिहितात, पडला असेल आदल्या दुपारी. मॉडेलचा दिवस ग्रीनिचचा, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचपासून. ईआरए-५ चे तासवार आकडे असतील तर साडेआठ ते साडेआठ अशी बेरीज स्वतः करा. शेतीच्या वेधशाळांमध्ये बाकीची वाचनं स्थानिक सात आणि दोनला होतात. आपल्याकडे स्थानिक सात म्हणजे घड्याळात जवळपास साडेसात.

पावसात मॉडेलची खोड वेगळी. रिमझिम रोज दाखवतं आणि धो-धो पडलेला दिवस पसरट करून टाकतं. अडीच मिलिमीटरच्या आतले दिवस कोरडे धरा, मग पावसाच्या दिवसांची संख्या थोडी ताळ्यावर येईल. साक्री तालुक्यात पश्चिमेकडे भात होतो आणि पूर्वेकडे बाजरीला पाण्याची वाट बघावी लागते. हे एका चौकटीतून कसं निघणार?

केंद्रं सगळी धुतल्या तांदळासारखी असतात असं मात्र मी म्हणत नाही. पेटीशेजारी पत्र्याची शेड उभी राहते, पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पाला अडकतो, केंद्र दुसऱ्या जागी हलतं आणि फाइलमध्ये एक ओळसुद्धा नसते. सुट्टीच्या दिवसाचे आकडे संशयास्पद गुळगुळीत असतात, तेही मला माहीत आहे. आणि २०५० सालाबद्दल विचाराल तर माझ्या नोंदवहीकडे उत्तर नाही, तिथे मॉडेललाच शरण जावं लागतं. पण तेसुद्धा आधी केंद्राशी ताडून, थंडी, उन्हाळा आणि पावसाळा वेगवेगळा काढून. वर्षभराचा एकच दुरुस्ती-आकडा लावलात तर जानेवारी पुन्हा बिघडेल.

तुमच्याकडे फक्त एक्सेल आली असेल तर मूळ नोंदवही मागा. टायपिंग करताना शेऱ्याचा रकाना गाळतात. ज्या रात्री गाईड काढायला सांगताहेत त्यांच्यासमोर ‘निरभ्र, वारा शांत’ असं काही लिहिलेलं सापडलं, तर तेवढ्या पानांची झेरॉक्स परिशिष्टात जोडा.