इटलीतल्या स्ट्रॉम्बोली या ज्वालामुखीच्या बेटाला पहिल्यांदा जाताय?
सिसिलीतल्या मिलाझो बंदरातून बोट धरणार असाल, तर परतीच्या विमानाआधी एक दिवस मोकळा ठेवाच. समुद्र खवळला की फेऱ्या सरळ रद्द होतात. बेट जेमतेम १२ चौरस किलोमीटरचं, वस्ती काही शेकड्यांची. ९२४ मीटरचा ज्वालामुखी मात्र तासाला कित्येकदा गुरगुरतो. जुलै २०१९ च्या मोठ्या स्फोटात एका गिर्यारोहकाचा जीव गेला, म्हणून शिखर गाठायचा हट्ट नको. ठरावीक उंचीपुढे वाटाड्या लागतोच. सध्याचे नियम तिथे पोचल्यावर विचारा. खरी मजा रात्री होडीतून. ज्वालामुखीच्या शारा देल फुओको नावाच्या उतारावरून लालभडक धोंडे गडगडत खाली येताना दिसतात. विजेरी घ्या, गावातल्या गल्ल्या काळोख्या असतात. बेटावरच्या जिनोस्त्रा या दुसऱ्या गावाला तर रस्ताच नाही, होडीनेच जायचं. आणि दुपारी त्या काळ्या वाळूवर अनवाणी? मी चाललोय. एकदाच!