बाबांना कॅन्सरचं सांगायचं की नाही?

"मॅडम, बाबांना कळलं तर ते आजच खाट धरतील, तुम्ही फक्त जेवायचं समजावून सांगा, कॅन्सर शब्द काढू नका जी." फुफ्फुसाचा कॅन्सर चौथ्या स्टेजला निघाला की घरच्यांची पहिली काळजी हीच असते, म्हणून नागपूरच्या महालातल्या एका घराबद्दल लिहितेय (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत).

बाबा एसटीतले रिटायर कंडक्टर. विडी-सिगारेट कधीच नाही त्यामुळे घरात कोणाच्या मनातही आलं नाही, पण हा कॅन्सर न ओढणाऱ्यांनाही होतो. आधी टीबीची शंका, मग सीटी, बायोप्सी, आणि तोवर आजार हाडात गेलेला. मुलानं सगळ्यांना ताकीद दिली, बाबांसमोर 'इन्फेक्शन'च म्हणायचं. फाईलवरचं तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलचं नाव दिसू नये म्हणून शाळेच्या वहीला घालतो तसं खाकी कव्हर घातलं, रिपोर्ट सुनेच्या कपाटात.

मुलगा औषधं आणायला खाली गेला तेव्हा मी काकांना एवढंच विचारलं, तब्येतीचं तुम्हाला काय काय समजलंय? ते म्हणाले, "पोरी, तुकडोजी हॉस्पिटलमध्ये काय सर्दी-खोकल्यासाठी नेतात? पोरगा लपवायची एवढी धडपड करून राहिला, म्हणून मीही चूप बसतो."

म्हणजे दोघंही एकमेकांना सांभाळत होते आणि दोघंही रात्री एकटेच जागे. हे मी इतक्या घरांत बघितलंय की आता मुलांना स्पष्ट सांगते, बाबांना बहुतेक माहीत असतं, फक्त बोलायला कोणी नसतं.

याचा अर्थ सगळं एकदम त्यांच्या अंगावर टाकायचं असा नाही हं. आधी विचारा, "रिपोर्ट आलेत, तुम्हाला ऐकायचंय की डॉक्टरांशी मी बोलू?" कोणी म्हणतं तूच बघ बाबा, मग तेही मान्य करायचं, तो त्यांचा हक्क आहे. किती महिने राहिले असले आकडे तुम्ही देऊ नका, आणि 'पूर्ण बरे व्हाल' असं खोटंही नको. आजार मुळातून जाणार नाही पण त्रास कमी करायला खूप काही आहे, हे खरंय आणि तेच सांगा.

खूप काही म्हणजे काय, तर ऑन्कोलॉजिस्टला ईजीएफआर, एएलके या (गाठीतले जनुकीय बदल शोधणाऱ्या) टेस्ट झाल्या का विचारा, काहींना त्यावरून केमोऐवजी गोळ्या चालतात. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणारी काळजी, म्हटलं की लोक घाबरतात, शेवट आला वाटतं, पण 2010 मध्ये अमेरिकेत याच कॅन्सरच्या पेशंटवर अभ्यास झाला, ज्यांना पहिल्यापासून ट्रीटमेंटसोबत ही केअर मिळाली त्यांना नैराश्य कमी आलं आणि ते सरासरी अडीच-पावणेतीन महिने जास्तही जगले. दम लागला तर थोडं पुढे वाकून बसवा, टेबलफॅनची हवा सरळ चेहऱ्यावर येऊ द्या, आपल्या मे महिन्यात तर खोली थंड ठेवाच. डॉक्टरांनी कमी डोसमध्ये मॉर्फिन दिलं तर व्यसन लागेल म्हणून बंद करू नका, त्यानं दुखणं आणि दम दोन्ही हलकं होतं. हो, आणि रात्री जागायच्या पाळ्या लावा, एकट्या मुलानं सगळं ओढलं तर तोच आधी आजारी पडतो.

त्या घरी पुढच्याच आठवड्यात मुलानं बाबांना विचारलं. दोघं रडले, मग काकांनी पेन्शनच्या बँकेतलं नॉमिनीचं काम काढलं, पुण्याच्या मुलीला बोलावून घेतलं आणि पुढच्या ओपीडीला स्वतःच डॉक्टरांना विचारलं, "नातीचं लग्न आहे, तेव्हा मला चालता-फिरता राहायचंय, केमोची तारीख मागेपुढे होईल का?" डॉक्टरांनी तारीख बदलून दिली.