विमानांचा उतरण्याचा क्रम लावताना: सुरुवात कोठून करावी

आपण पहिल्याच प्रयत्नात मुंबई विमानतळाचे पूर्ण दिवसाचे वेळापत्रक संगणकावर बसवायला घेतले आहे, हा उत्साह चांगलाच आहे. पण तूर्त एकच धावपट्टी, एकच तास आणि फक्त उतरणारी विमाने एवढेच घ्या. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात आणि एका वेळी सहसा एकच वापरात असते, त्यामुळे या सुलभीकरणाने फारसे बिघडत नाही.

खरी मेख अंतरात आहे. जड विमानाच्या मागे हवेचे भोवरे राहतात, म्हणून बोइंग ७७७ च्या मागे ए३२० हे मध्यम विमान असेल तर रूढ आंतरराष्ट्रीय नियमानुसार ५ सागरी मैल सोडावे लागतात, जडामागे जड असेल तर ४. ए३२० च्या मागे मात्र या दोहोंपैकी कोणतेही आले तरी रडारवर कोणत्याही दोन विमानांत ठेवायचे किमान अंतर, समजा ३ मैल, पुरते. आता दोन जड आणि दोन मध्यम विमाने जडापासून सुरू करून आलटूनपालटून उतरवली, तर १३ मैल लागतात. दोन्ही मध्यम आधी घेतली, तर १०. प्रोग्राम लिहिण्याआधी हे कागदावर मांडून पाहाच.

नवखे बहुधा येथे चुकतात:

- सगळ्या जोड्यांना सरसकट सारखेच अंतर देतात.
- वेळ वाचवण्याच्या नादात क्रम वाटेल तसा फिरवतात, आणि मग एखादे बिचारे विमान घिरट्याच घालत राहते. मूळ क्रमापासून एकदोन जागांपलीकडे कोणालाही हलवू नका.

उड्डाणे, वारा आणि इंधन यांचे प्रश्न सध्या बाजूला ठेवा. प्रोग्रामचे उत्तर हाताने काढलेल्या क्रमाशी जुळले, की त्यांच्याकडे वळता येईल.