साठ जणांची इमारत घ्यावी का?

प्रश्न : स्वमग्नता, डाउन सिंड्रोम, सेरेब्रल पाल्सी असलेल्या प्रौढांना राहायला घर आणि घरात लागेल तेवढी मदत देणारी आमची संस्था आहे. पाच साधी घरं, एकोणीस रहिवासी. या वर्षी संस्थेची सूत्रं माझ्याकडे आली. प्रतीक्षायादीत साठ नावं आहेत. एका दात्यांनी स्वतःच्या जमिनीवर साठ जणांची इमारत बांधून द्यायची तयारी दाखवली आहे. विश्वस्त खूश आहेत, पालकही. मला मात्र आतून पटत नाही. यादीतल्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एक आई दर सोमवारी फोन करतात, "माझ्यानंतर याचं काय?" म्हणून विचारतात. आम्ही साठ जागा नाकारल्या, हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगू?

उत्तर : असे फोन मी बावीस वर्षं घेते आहे. फोन ठेवल्यावर हातातलं काम पुन्हा सुरू करायला किती वेळ लागतो, तेही मला माहीत आहे. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते. दात्यांना दुरावू नका, पण ती इमारत बांधू नका.

आमच्या एका घरात चाळिशी ओलांडलेले एक गृहस्थ राहायला आले. त्याआधीची सव्वीस वर्षं ते एका मोठ्या वसतिगृहात होते. आमच्याकडे त्यांना स्वतःची खोली मिळाली, खोलीची किल्ली मिळाली. पण तहान लागली की ते फ्रिजजवळ जाऊन उभे राहायचे. दाराला हात लावायचे नाहीत. कोणी दिसलं की विचारायचे, "पाणी घेऊ?" कोणी नाही दिसलं तर तसेच उभे. आम्ही रोज सांगायचो, "दादा, घर तुमचं आहे, घ्या." ते मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे. अकरा महिने हे चाललं. मग एका दुपारी मी हिशेबाच्या वह्या घेऊन बसले असताना मागे फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला, ग्लासात पाणी ओतल्याचा आला, दार लागल्याचा आला. मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्यांनी विचारलं असतं.

त्या वसतिगृहातली माणसं वाईट नव्हती. मी त्यांना भेटले आहे, जीव लावणारी होती. पण साठ-सत्तर जणांना एकाच वेळी उठवायचं, आंघोळी घालायच्या, जेवायला बसवायचं म्हटलं की प्रेमळ माणसालाही घंटा वाजवावी लागते आणि फ्रिजला कुलूप घालावं लागतं. स्वीडनमध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्यांसाठी काम करणाऱ्या बेंग्ट निर्ये यांनी १९६९ मध्ये नेमकं हेच मांडलं : दिवसाची, आठवड्याची, वर्षाची जी लय इतरांच्या आयुष्याला असते, तीच या माणसांच्या आयुष्यालाही मिळाली पाहिजे. रविवारी उशिरा उठण्याचा त्यांचाही हक्क आहे. साठ जणांच्या इमारतीत तो कोणाला देता येईल?

आकडा एकदा मोठा झाला की कुठवर जातो, याचं टोकाचं उदाहरण न्यूयॉर्कच्या विलोब्रुकचं. बौद्धिक अपंगत्व असलेल्या चार हजारांसाठी बांधलेल्या त्या सरकारी संस्थेत एके काळी सहा हजारांहून जास्त माणसं कोंबलेली होती. १९७२ मध्ये टीव्हीवर आतली दृश्यं दिसली आणि लोक हादरले. ती पूर्ण बंद व्हायला १९८७ उजाडलं. तुमच्याकडे असं होईल असं मी अजिबात म्हणत नाही. पण जागा संपली की 'आणखी एक खाट बसेल' हे वाक्य प्रत्येक मोठ्या इमारतीत कधी ना कधी बोललं जातं. चार जणांच्या घरात पाचवी खाट सगळ्यांना लगेच खुपते.

विश्वस्तांपुढे भावनेपेक्षा हिशेब जास्त चालेल, तर तो असा मांडा. एका घरात चोवीस तास एक माणूस हवा, म्हणजे आठवड्याचे १६८ तास झाले. एका कर्मचाऱ्याचे ४८ तास धरले तरी साडेतीन माणसं लागतात. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं की चारही कमी पडतात. ही फक्त एका घराची गोष्ट. दाते भिंती एकदाच बांधून देतील, हे पगार मात्र तुम्हाला दर महिन्याला, दर वर्षी द्यायचे आहेत. म्हणून त्यांना विचारा, इमारतीच्या पैशांतून सात-आठ साधी घरं आणि उरलेल्या रकमेचा कायमनिधी करता येईल का, ज्याच्या व्याजातून पगारांना हातभार लागेल. कोनशिलेवर नाव कोरायला जागा मिळणार नाही, हे त्यांना स्पष्ट सांगा. माझ्या अनुभवात निम्मे दाते इथे थांबतात, निम्मे समजून घेतात. बोलायला जाताना तुमच्या दोन रहिवाशांना बरोबर न्या आणि त्यांनाच बोलू द्या. कुठे आणि कोणाबरोबर राहायचं हे अपंग व्यक्तीला स्वतः निवडता आलं पाहिजे, असं संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या करारातलं १९ वं कलम सांगतं. साठ जणांच्या आराखड्याबद्दल त्यांच्यापैकी एकालाही कोणी विचारलं का?

पगारांवर मी एवढी का अडून बसते, तेही सांगते. यात चूक माझी होती. आमच्याकडे बोलता न येणाऱ्या एक ताई आहेत. एका वर्षी त्यांच्या घरातले तिघे कर्मचारी पाठोपाठ सोडून गेले, नवे आले. त्याच सुमारास ताई गालावर सारख्या थपडा मारून घ्यायला लागल्या, ताट भिरकावायला लागल्या. नव्या लोकांनी नोंदवहीत लिहिलं, 'वर्तन समस्या'. मी ते वाचलं आणि सही केली. तीन आठवडे! औषध वाढवायची चर्चाही झाली. मग जुनी एक कर्मचारी सहज भेटायला आली, ताईंजवळ दोन मिनिटं बसली आणि म्हणाली, "या नेहमी दोन्ही गालांवर मारतात. आता एकाच का?" अक्कलदाढेखाली पू झाला होता. दाढ काढली, दोन दिवसांत ताई शांत झाल्या. त्या सह्या मला आजही दिसतात. तेव्हापासून आमचा नियम आहे, वागणं एकाएकी बदललं की आधी दात, कान, पोट, लघवी तपासायची, वर्तनाचं नाव नंतर. पण 'नेहमी दोन्ही गालांवर' हे कोणत्याही नियमात लिहिता येत नाही. ते टिकून राहिलेल्या माणसालाच ठाऊक असतं. म्हणून प्रमुख म्हणून तुमचा सगळ्यात जास्त वेळ माणसं टिकवण्यात गेला, तर तो वाया गेला असं समजू नका.

नवी घरं घेताना दोन गोष्टी पाहा. घराचा करार रहिवाशाच्या नावाचा आणि मदतीचा करार वेगळा ठेवा, म्हणजे मदतनीस संस्था बदलली तरी माणूस घराबाहेर पडत नाही. आणि तळमजल्यावर एक खोली, बिनउंबऱ्याची मोरी हवीच. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास डाउन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुर्मान २५ वर्षांच्या आसपास होतं, आता ते ६० च्या घरात आहे. आपली माणसं म्हातारी होणार आहेत. त्यांच्यापैकी अनेकांना स्मृतिभ्रंश इतरांपेक्षा बराच लवकर गाठतो. तेव्हा त्यांना ओळखीचं घर सोडायला लावू नका.

आता त्या आई. सात घरांत साठ जण मावणार नाहीत, आणि त्यांच्या मुलाचा नंबर लगेच लागेल असं खोटं आश्वासन देऊ नका. पण आई गेल्या त्याच आठवड्यात मुलाला अनोळखी घरात न्यावं लागलं, तर तो आईला आणि घराला एकदमच मुकतो. मी हे चार वेळा पाहिलं आहे. म्हणून नंबर लागायची वाट न पाहता ओळख आत्ताच सुरू करा. महिन्यातून एक दुपार, मग एक रात्र, मग दोन. आईंकडून एक वही लिहून घ्या : झोपताना दिवा लागतो का, दुखलं तर कसं कळतं, कोणत्या आवाजाला घाबरतो, रागावला की काय केल्यानं निवळतो. त्यांना लिहायला जमत नसेल तर कोणीतरी शेजारी बसून उतरवून घ्या. माझ्याकडे अशा एकतीस वह्या आहेत. काहींच्या आया आता नाहीत, वह्या रोज उघडल्या जातात.

आणि येत्या सोमवारी त्यांच्या फोनची वाट पाहू नका. सकाळीच तुम्ही करा, आणि मुलाला कोणत्या दुपारी आणताय एवढंच विचारा.